लंडनमधला सुवर्णदुर्ग

(दापोली येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांची निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की बाबा, दापोलीत बसून लंडनची प्रेक्षणीय स्थळं कशाला? प्रश्न रास्त आहे. लंडनला काय बघावं हे सांगायला प्रवासी कंपन्या आहेत. राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे आणि ते मोठं चक्र, चार दिवसांत सगळं उरकतं. पण आपल्या तालुक्यातली मुलं-मुली आता तिकडे शिकायला, नोकरीला जातात आणि त्यांच्या मागोमाग आईवडीलही महिनाभर राहून येतात. त्यांच्यासाठी आज मी तीन ठिकाणं सांगणार आहे. तिन्हींची मुळं या तालुक्यात आहेत. ती कोणत्याही सहलीच्या यादीत सहसा नसतात आणि तीनही बघायला मिळून दोन दिवस पुरतात.

पहिलं ठिकाण सर्वांत कमी माहितीचं, म्हणून त्यावर जास्त वेळ घेतो.

लंडनच्या आग्नेय भागात, ग्रिनिचच्या पलीकडे, शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. टेकडीवर जुनं रान राखलेलं आहे. त्या रानात विटांचा एक मनोरा उभा आहे. उंची साधारण ६३ फूट. आकार त्रिकोणी आणि तिन्ही कोपऱ्यांना षटकोनी बुरूज. वरच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तर लंडन आणि भोवतालचे परगणे दिसतात. या मनोऱ्याचं नाव आहे सेव्हर्नड्रूग कॅसल. आता हे नाव दोनतीनदा भरभर म्हणून बघा. सेव्हर्नड्रूग, सेव्हर्नड्रूग. आलं लक्षात? सुवर्णदुर्ग! आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्ग. इंग्रजांच्या जिभेवर त्याचं हे असं झालं.

हा मनोरा बांधला १७८४ साली. बांधला लेडी जेम्स या बाईंनी, आदल्या वर्षी वारलेल्या आपल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ. नवरा म्हणजे सर विल्यम जेम्स. आराखडा केला रिचर्ड जप यांनी, जे ईस्ट इंडिया कंपनीच्याच इमारतींचं काम बघत असत. दारावर शिलालेख आहे. त्याचा आशय असा, की कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना सर विल्यम यांनी पूर्वेकडे जो पराक्रम केला त्याचं, आणि विशेषकरून मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूग किल्ला त्यांनी २ एप्रिल १७५५ रोजी आपल्या शौर्याने जिंकला त्याचं हे स्मारक. 'मलबार किनारा' वाचून गोंधळू नका. त्या काळच्या इंग्रजी कागदांत आपला सगळा पश्चिम किनाराच कित्येकदा मलबार म्हणून येतो.

हा जेम्स कोण? वेल्समधला, साध्या घरातला मुलगा. लहानपणीच समुद्रावर गेला. १७४७ साली कंपनीच्या मुंबईच्या आरमारात लागला आणि चार वर्षांत कमोडोर झाला. हर्णै आणि विजयदुर्गच्या मोहिमांनंतर भरपूर पैसा करून १७५९ मध्ये मायदेशी परतला. पुढे कंपनीच्या संचालक मंडळावर गेला, पार्लमेंटात बसला, सरदारकी मिळवली. शूटर्स हिलपासून जवळच एल्थम इथे त्याची मोठी मालमत्ता होती. थोडक्यात, त्या माणसाच्या भाग्याला आपल्या हर्णैपासून कलाटणी मिळाली.

आता त्या शिलालेखात काय लिहिलेलं नाही, ते बघू. आजचा खरा विषय तो आहे.

१७५५ साली सुवर्णदुर्ग होता तुळाजी आंग्रे यांच्याकडे. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्यामागे घरात भाऊबंदकी लागली. उत्तरेकडे कुलाब्याला मानाजी आंग्रे बसले आणि दक्षिणेकडची बाजू, म्हणजे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, आधी संभाजी आंग्रे आणि मग तुळाजींकडे आली. मानाजी पेशव्यांना धरून होते. तुळाजींनी पेशव्यांना जुमानलं नाही. खंडणी थकवली, पेशव्यांच्या मुलखाला उपद्रव दिला. समुद्रावर तर इंग्रज, डच, पोर्तुगीज सगळेच त्यांना वचकून होते. त्यांचा दस्तक घेतल्याशिवाय जहाज हाकणं म्हणजे जिवावरचं काम.

तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी काय केलं? मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या मार्च महिन्यात करार झाला. मुंबईचा गव्हर्नर होता रिचर्ड बोर्शिए, आणि पेशव्यांच्या बाजूने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. समुद्रावरून इंग्रजांनी मारा करायचा, जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेने. ठरलं असं, की सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळावा आणि इंग्रजांना बाणकोट.

मार्चअखेर जेम्स 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचं जहाज आणि आणखी काही लहान जहाजं घेऊन हर्णैच्या समुद्रात आला. मराठ्यांचं आरमार बरोबर होतंच. तुळाजींची जहाजं दक्षिणेकडे निसटली, त्यांचा पाठलाग झाला, ती हाती लागली नाहीत. मग जेम्स किल्ल्याकडे वळला. पहिल्यांदा ज्या बाजूने मारा केला तिथे तटाला काही होईना. तुम्ही पाहिलाच आहे तो तट, खालचा कातळ तासून त्यावर चिरे चढवलेले. मग त्याने बाजू बदलली आणि आत तोफगोळे टाकले. आत आग लागली आणि दारूखाना उडाला. किल्ला पडला. किनाऱ्यावरचे गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे तिन्ही उपदुर्गही त्याबरोबर गेले. गोव्याच्या किल्ल्याला पेशव्यांच्या फौजेचा वेढा पडलेला होता.

म्हणजे बघा, मनोऱ्यावर ज्या विजयाचं स्मारक आहे तो विजय निम्मा पेशव्यांचा होता. आणि किल्ला करारानुसार पेशव्यांनाच दिला गेला. तिथे इंग्रजांचं निशाण कायमचं चढलं ते पुढे साठ-बासष्ट वर्षांनी, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात. शिलालेखात यातला एकही शब्द नाही. त्यात एकटा जेम्स आहे आणि त्याचं शौर्य आहे. स्मारकं अशीच असतात. ज्याने खर्च केला त्याची बाजू दगडावर येते.

पण मंडळी, आपण तरी आपली बाजू पुरती सांगतो का? हर्णैला येणाऱ्या पाहुण्याला आपण सांगतो, की हा शिवरायांचा किल्ला, हे कान्होजींच्या आरमाराचं ठाणं. दोन्ही खरं आहे. मग पडला कसा, असं पोराने विचारलं की आपण म्हणतो, इंग्रजांनी घेतला. हेही खरं, पण अर्धंच. आपल्याच दोन सत्तांचं भांडण होतं आणि त्यात परक्याला बोलावलं. पुढच्याच वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले आणि तिथे तुळाजींचं आरमार जळून खाक झालं. कान्होजींनी उभं केलेलं बळ अकरा महिन्यांत संपलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि पुन्हा सुटले नाहीत. त्या आगीचं चित्र डॉमिनिक सेर या चित्रकाराने काढलं, ते ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहे. शूटर्स हिलला जाल तेव्हा ग्रिनिच वाटेवर पडतं. चित्र दालनात मांडलेलं आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या. संग्रहालयात सगळंच एकाच वेळी मांडलेलं नसतं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. नानासाहेबांना एका वाक्यात दोषी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून विचार करा. आपल्याच राज्यातला सरदार ऐकत नाही, त्याच्याशी समुद्रावर झुंजेल एवढं आरमार आपल्यापाशी नाही आणि शेजारी भाड्याने तोफा द्यायला तयार आहे. त्या क्षणी हिशेब बरोबरच वाटला असणार. चूक होती ती पुढचं न दिसण्याची. तुळाजी मोडला म्हणजे पश्चिम समुद्रावर इंग्रजांना अडवणारं मोठं आरमार राहणार नाही, हे त्या हिशेबात धरलेलं नव्हतं. इतिहास शिकायचा तो यासाठी.

आता त्या करारातल्या बाणकोटकडे वळू, कारण दुसरं ठिकाण तिथून जोडलेलं आहे. सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांनी घेतलं आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. दक्षिण कोकणात त्यांचा पाय असा पडला. कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात आपल्या भागातून भरती होऊ लागली आणि तिच्यात महार समाजातले जवान मोठ्या संख्येने होते. १८१८ नंतर दापोलीला छावणी पडली, म्हणून तर जुनी माणसं आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. छावणी उठल्यावरही निवृत्त सैनिकांची वस्ती इथे राहिली. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच, लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी 'विटाळ-विध्वंसन' लिहिलं आणि सैन्यात महारांची भरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. आणि याच पेन्शनर वस्तीत सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ येऊन राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातलं. बरोबर धाकटा मुलगा भीमराव.

दापोलीत बालपणाचा काही काळ काढलेला हा मुलगा पंचवीस वर्षांनी लंडनमध्ये कुठे राहिला, ते घर आज बघता येतं. वायव्य लंडनमध्ये प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास इथे राहिले. १९१६ साली ते पहिल्यांदा लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परत यावं लागलं. मग मुंबईत नोकरी केली, पैसे जमवले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम. एस्सी., नंतर १९२३ मध्ये डी. एस्सी., आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रसिद्ध प्रबंध याच काळातला. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दार उघडताच शिरत आणि बंद होईपर्यंत बसत. खाण्यापिण्याची आबाळ करून पैसे वाचवत आणि त्यांची पुस्तकं घेत.

हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचं उद्घाटन झालं. नंतर एक वाद झाला. निवासी वस्तीत संग्रहालय चालवायला परवानगी नाही, असं तिथल्या स्थानिक प्रशासनाने म्हटलं. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. मी हे मुद्दाम सांगतो, कारण वारसा म्हणजे नुसतं घर विकत घेणं नव्हे. नियम, शेजारी, कागदपत्रं, रोजची देखभाल, हे सगळं त्यात येतं.

तिसरं ठिकाण अगदी थोडक्यात, कारण तिथे बाहेरूनच बघायचं आहे. पॅडिंग्टनजवळ, जिथे कालव्यांचा संगम आहे तिथे, हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. घर क्रमांक १०. भिंतीवर फलक आहे, की लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहत होते. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, पण मूळ गाव आपलं चिखलगाव, हे या सभागृहात सांगायला नको. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक ठरवलं आणि त्यांच्यावर हिंसेचे आरोप केले. टिळकांनी लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या सुरुवातीला तो चालला आणि टिळक हरले. खर्च प्रचंड आला. पण त्या तेरा महिन्यांत त्यांनी मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडले, सभा घेतल्या, स्वराज्याची मागणी तिथल्या लोकांपुढे मांडली. दाव्यात ते हरले, ते काम वाया गेलं नाही. घर आज खासगी आहे. रस्त्यावरून फलक बघायचा, नमस्कार करायचा, दार वाजवायचं नाही.

तर ही तीन ठिकाणं. एका मनोऱ्यावर आपला पराभव कोरलेला आहे आणि दोन घरांत आपल्या माणसांनी दिलेली झुंज आहे. १७५५ मध्ये हर्णैच्या समुद्रात जे सुरू झालं, त्याला उत्तर द्यायला दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी या मातीतली माणसं त्याच शहरात गेली. एकाने न्यायालयात आणि सभांत उत्तर दिलं, दुसऱ्याने वाचनालयात बसून.

आता परत घरी येऊ. सेव्हर्नड्रूगचा तो मनोरा १९८० च्या दशकात बंद पडला होता. दारं-खिडक्या फळ्या मारून बंद केलेल्या. भाड्याने देऊन टाकावा, असाही विचार चालला होता. तेव्हा आसपास राहणारे लोक पुढे आले. विश्वस्त संस्था स्थापन केली, निधी मिळवला, दुरुस्ती केली आणि २०१४ मध्ये मनोरा लोकांसाठी उघडला. आज स्वयंसेवक तो चालवतात. खाली चहाची खोली आहे. ठरावीक दिवशीच उघडा असतो, म्हणून आधी चौकशी करून जा.

आणि आपला सुवर्णदुर्ग? तो जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे म्हणून जे बारा किल्ले निवडले, त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आपला सुवर्णदुर्ग आहे. आनंद झालाच पाहिजे. पण जबाबदारीही आली. आता जगभरातून माणसं हर्णैला येतील. ती विचारतील. त्यांना जो नावाडी किल्ल्यावर नेईल, जो घरगुती जेवण वाढेल, तोच आपला खरा मार्गदर्शक. त्याला १७५५ ची पूर्ण गोष्ट माहीत हवी. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, डागडुजी ते करतील. गोष्ट सांभाळणं मात्र आपल्याकडे आहे. तिच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्नोत्तरे

*सर, तो मनोरा म्हणजे आपल्या पराभवाची जाहिरात. तो बघायला आपण का जावं?*

जावं, कारण जिंकणाऱ्याने काय लिहिलं आणि काय गाळलं, हे तिथे उभं राहून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. दुसरं असं, की त्या मनोऱ्यामुळे अडीचशे वर्षं हर्णैच्या किल्ल्याचं नाव लंडनच्या नकाशावर आहे. वाकडं का होईना, आहे. तिथल्या स्वयंसेवकांना जाऊन सांगा, की आम्ही खऱ्या सुवर्णदुर्गाच्या गावचे. पाच मिनिटं त्याची गोष्ट सांगा. अपमानाला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

*लंडनहून वाघनखं आली, ती महाराजांचीच का?*

ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ती काही मुदतीसाठी आली. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती होती, हे नोंदलेलं आहे. अफझलखानाच्या प्रसंगातली तीच का, याची खात्री देता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगतं. माझं म्हणणं एवढंच, की प्रतापगडचा पराक्रम त्या वस्तूवर अवलंबून नाही. वस्तू बघावी, पाटी नीट वाचावी आणि पाटीवर आहे तेवढंच म्हणावं.

*या मोहिमेचे मूळ कागद कुठे बघायला मिळतात?*

इंग्रजांची बाजू दोन ठिकाणी आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात, आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जे इंडिया ऑफिसचं दप्तर आहे तिथे. पेशव्यांची बाजू पुण्याच्या पेशवे दप्तरात, मोडीत. लंडनला शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी एकाने जरी ते इंग्रजी कागद वाचले आणि इथल्या एकाने मोडी शिकून पुण्याचे वाचले, तर दोघांनी मिळून या तालुक्याचा इतिहास नव्याने लिहिता येईल. आणि घराच्या माळ्यावर मोडी कागदांचं बोचकं असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

*सुवर्णदुर्गावर मुलांना नेलं तर काय दाखवायचं?*

पहिलं म्हणजे भरती-ओहोटी आणि हवामान नावाड्याला विचारून जा. पावसाळ्यात जायचं नाही. पाणी बरोबर न्या. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही, ती युक्ती आधी दाखवा. पायरीवरचं कासव आणि बाजूचा मारुती दाखवा. तटाच्या बुडाला अखंड कातळ कुठे संपतो आणि चिरे कुठे सुरू होतात, ते बोटाने दाखवा. मग तटावर उभं राहून किनाऱ्यावरचे तीन उपदुर्ग मोजायला सांगा. गोवा, कनकदुर्ग, फत्तेगड. आणि मग विचारा, की चार किल्ले असूनही पडले कसे? उत्तर लगेच सांगू नका. परतीच्या होडीत त्यांना भांडू द्या त्यावर.